मंजुळेने लावलेला बावटा

वरळीच्या कोळीवाड्यात मंजुळा तांडेल नावाची बाई राहायची. ती माझ्या आईची आजी. मी तिला पाहिलेलं नाही. इथे लिहिते आहे ते आईकडून आणि वाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं. जिथे तिघांच्या सांगण्यात फरक पडला तिथे दोघांचं जुळलं ते मी घेतलं. मंजुळेला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या नावाने जन्मात एकच सरकारी कागद झाला, आणि त्या एका कागदाने घर बुडालं.

तिच्या डोळ्यांची वाड्यात ख्याती होती. दुपार कलली की बायका पाट्या घेऊन किनाऱ्यावर येत आणि होड्यांची वाट बघत बसत. मंजुळा किल्ल्याखालच्या काळ्या खडकावर उभी राही. बाकीच्यांना जिथे पाणी आणि आभाळ यांच्या मधली रेघसुद्धा धड दिसत नसे, तिथे हिला शीड दिसायचं, आणि नुसतं दिसायचं नाही, कोणाचं ते कळायचं. कोणाच्या शिडाला कुठे ठिगळ आहे, होडी हाकणारा कोण तांडेल शीड आखडून धरतो, कोण सैल सोडतो, हे तिला आपल्या घरातल्या माणसांच्या चालीसारखं पाठ होतं. मग ती तिथूनच ओरडायची.

"सखुबाई, ऊठ गो, तुझे पोरगे आले. होडी हलकी दिसते, पाटी छोटी घे."

"जळ्ळं तुझं तोंड," सखुबाई खालून म्हणायची, पण पाटी छोटीच घ्यायची. मंजुळेचं बोलणं चुकत नसे. तिच्या हाकेवर बायका उठत, आणि ज्यांचं शीड अजून लांब आहे त्या घरी जाऊन भाकरी टाकून येत. एका बाईच्या डोळ्यांवर सगळा किनारा चालायचा, आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. देवीने दिलेत तर वापरायचे, इतकंच.

वाड्यातली मासेमारी मुख्यतः डोलीची. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. समुद्रात लांबवर लाकडाचे उंच खुंट ठोकलेले असतात, दोन खुंटांच्या मध्ये डोल बांधायची, की पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, कोळंबी आपोआप आत जातात. प्रत्येक घराच्या खुंटांची जागा ठरलेली. ती बापाकडून मुलाकडे येते, दुसरा कोणी तिथे खुंट ठोकत नाही. मंजुळेचा नवरा जगन याच्या दोन जागा होत्या, आणि दोन्ही चांगल्या, पाण्याला जिथे जोर असतो तिथल्या. घरात दुसरं काही नव्हतं. शेत नाही, सोनं म्हणावं असं सोनं नाही. त्या दोन जागा म्हणजेच घर.

मंजुळेला एक धाकटा भाऊ होता, शिवा. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिने त्याला वाढवला. रोज पहाटे पाटी घेऊन ती परळपर्यंत चालत मासे विकायला जायची, आणि त्या पैशांवर तिने शिवाला शाळेत घातलं. वाड्यातले लोक हसत. कोळ्याचा पोर शाळेत जाऊन काय, माशांना बाराखडी शिकवणार? पण शिवा हुशार निघाला. इंग्रजी शिकला, आणि कोटात, म्हणजे फोर्टात, एका लष्करी कचेरीत दुभाष्या म्हणून लागला. कोट-टोपी घालून तो वाड्यात आला की मंजुळा त्याच्या पुढे पाट मांडायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "साहेब आज काय म्हणाला रे तुझा?"

अठराशे चौऱ्याण्णव साल असावं. प्लेग अजून यायचा होता. त्या दिवसांत मुंबईत बोलणं होतं की परमुलुखातली लढाऊ जहाजं कधीतरी अचानक येतील, लांब समुद्रात उभी राहतील आणि तिथून लहान लहान जलद आगबोटी सोडून बेटावर छापा घालतील. मोठं जहाज तोफेच्या टप्प्यात येणारच नाही. लहान बोटी येणार, नुकसान करणार आणि परत जहाजाकडे पळणार. त्यांना अडवायला आपल्याही जलद बोटी तयार ठेवायच्या, पण त्या निघायच्या कधी? लवकर निघाल्या तर कोळसा संपतो, उशिरा निघाल्या तर छापा पडून गेलेला असतो. म्हणून सगळा भरवसा टेहळणीवर. शत्रू किती लांब असताना दिसतो, त्यावर बेट राहील की जाईल ते ठरणार.

त्याची तालीम त्या माघात ठरली. आपल्याच काही बोटी शत्रू होऊन पश्चिमेकडून येणार आणि वरळीच्या टोकाला वळसा घालून माहीमच्या खाडीवरच्या पुलापर्यंत पोचायला बघणार. दुसऱ्या काही बोटी त्यांना अडवणार. वरळीच्या किल्ल्यावर शिपाई दुर्बिणी घेऊन बसले. पण आठ दिवस सराव करूनही त्यांना कोळ्यांच्या होड्या आणि शत्रूच्या बोटी वेगळ्या ओळखता येईनात. शत्रूच्या बोटींनी धूर दाबून वर कोळ्यांसारखी शिडं चढवली होती, ही त्यांची युक्ती. शिपाई कधी सखुबाईच्या मुलांना बघून बिगूल वाजवायचे, तर कधी खऱ्या शत्रूला जवळ येऊ द्यायचे.

तेव्हा शिवा अडवणाऱ्या बोटींवरच्या आपल्या साहेबाला घेऊन काळ्या खडकावर आला.

साहेब उंच, तांबडा, वयाने चाळिशीचा. त्याने दुर्बीण मंजुळेच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून परत दिली. "ह्यात सगळं हलतं. मला नको."

"बाय, त्या तिकडे तीन शिडं दिसतात ती कोणाची, साहेब विचारतात," शिवा म्हणाला.

मंजुळेने कपाळावर हात धरला. "तीन नाय, चार. पहिलं हरी वैतीचं. दुसरं माहीमवाल्यांचं. तिसरं आमचं. चौथं आमच्यातलं कोणाचंच नाय."

"कशावरून?"

"आता वारा पडला ना रे? शीड बघ, लुगडं वाळत घातल्यावानी लोंबतंय. आणि होडी पळतेय. वाऱ्याशिवाय कोळ्याची होडी पळते का?"

शिवाने ते इंग्रजीत सांगितलं. साहेब मोठ्याने हसला, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून मंजुळेपुढे किंचित वाकून दाखवलं. खाली बायकांत गलका झाला. "मंजुळे, गोरा पाया पडला गो तुझ्या!"

ठरलं ते असं. तालमीच्या दिवशी मंजुळेने खडकावर उभं राहायचं. परकी शिडं दिसली की शेजारच्या काठीवर लाल बावटा चढवायचा. बावटा दिसताच किल्ल्याच्या आडोशाला, माहीमच्या बाजूला दडलेल्या अडवणाऱ्या बोटी बाहेर पडणार आणि शत्रूला खुंटांच्या पलीकडे, उघड्या समुद्रात गाठणार.

वाड्याला काळजी होती ती खुंटांची. शत्रूची वाट नेमकी डोलींवरून जाते. रामू पाटलांनी देवळापुढे सगळ्यांना बोलावलं. रामू पाटील वाड्याचे मुखत्यार, बोलायला सावकाश.

"त्या दिवशी डोली पाण्यात टाकायच्याच नाहीत," ते म्हणाले. "आणि किनाऱ्यावर बसून गंमत बघायची."

शिवा म्हणाला, "पाटील, साहेबांचं म्हणणं, सगळं रोजच्यासारखं दिसलं पाहिजे. खुंटांवर होड्या नसल्या तर पलीकडचे सावध होतील. तुम्ही डोली टाका. आमच्या बोटी त्यांना खुंटांपर्यंत येऊच देणार नाहीत."

"जबान कोणाची?"

"साहेबांची."

"साहेब बोट बदलतो, बंदर बदलतो. आम्ही त्याला कुठे शोधायचा? इथलं कोण उभं राहतं बोल."

तेव्हा मंजुळा बायकांतून उठली. "मी उभी राहते. शिवाने समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन सांगावं. एक खुंट जरी ह्यात मोडला तर आमच्या दोन्ही जागा वाड्याच्या."

जगनने तिच्याकडे बघितलं. जागा त्याच्या, बोलली ती. पण चारचौघांत बायकोचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, म्हणून त्यानेही मान हलवली. घरी जाताना एवढंच म्हणाला, "दोन्ही म्हणालीस. एक तरी ठेवायचीस गो."

"माझा भाऊ हाय तो."

"म्हणूनच म्हणतो. देवीला कौल लाव. तिला विचार."

वरळीची गोल्फादेवी कौल देते. लग्न, नवी होडी, आजार, सगळं तिला विचारून. पण मंजुळेने कौल लावला नाही. देवीपुढे जाऊन भाऊ खरा की खोटा असं विचारायचं, म्हणजे भावाला आधीच खोटा ठरवल्यासारखं, असं तिला वाटलं. माझी आई म्हणायची, तिथेच चुकलं. मला तसं म्हणवत नाही. विचारलं असतं तर देवीने काय सांगितलं असतं हे देवीला माहीत.

मग सगळ्या वाड्यादेखत शिवा गुडघाभर पाण्यात गेला, बूट काढून, ओंजळ भरून घेतली आणि म्हणाला, "बाय, बावटा लागला की बोटी निघतील." खारं पाणी ओंजळीत घेऊन दिलेला शब्द कोळी मोडत नाही. त्यावर मग वाडा डोली टाकायला तयार झाला.

तालमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शिवा घरी जेवायला आला. मंजुळेने ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं. तो जरा कमी बोलला. जगनने विचारलं, "उद्या ओहोटी सुरू झाल्यावर डोली टाकू, काय?" तर शिवा म्हणाला, "टाका ना. रोजच्यासारखं." दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं आणि गेला.

सकाळी ओहोटी लागल्यावर अकरा घरांनी डोली टाकल्या. पाणी पश्चिमेकडे जोरात ओढत होतं, डोली पोटं फुगवून ताणल्या होत्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पाण्याला ओढ असताना डोल खुंटावरून सुटत नाही. दहा माणसं लागली तरी नाही. ओहोटी संपून पाणी क्षणभर उभं राहतं, तेव्हाच ती सैल पडते आणि होडीत घेता येते. हे कोळ्यांत कोणी कोणाला सांगत नाही. विस्तव भाजतो हे जसं सांगत नाहीत, तसं.

मंजुळा खडकावर होती. शेजारी एक शिपाई आणि शिवा. ऊन वर आलं होतं. तिला लांब पाच शिडं दिसली. ती बराच वेळ बघत राहिली, वाऱ्याकडे गाल करून. मग म्हणाली, "आली. पाचही परकी." आणि स्वतःच्या हाताने दोरी ओढून बावटा चढवला.

शिपाई दुर्बिणीतून बघत राहिला. त्याला काहीच दिसत नव्हतं. त्याला दिसायला पुढे अर्धा तास लागला. एवढ्या लांबवरून तिने ती शिडं धरली होती.

खाली बायकांनी टाळ्या वाजवल्या. मंजुळा आता उजवीकडे, माहीमच्या बाजूला बघू लागली. तिथे किल्ल्याच्या आडोशाला अडवणाऱ्या तीन बोटी उभ्या होत्या. नळकांड्यांतून धूर निघत होता. माणसं जागेवर होती. बोटी हलत नव्हत्या.

"शिवा, त्यांना बावटा दिसला ना रे?"

"दिसला."

"मग?"

"निघतील."

परकी शिडं मोठी होत आली. बोटी उभ्याच. मंजुळेने बावट्याची दोरी सोडून पुन्हा वर ओढली, दोनदा, तीनदा. मग ती ओरडायला लागली. "अरे निघा! निघा रे!" तिचा आवाज तिथवर जात होता. एका बोटीवरच्या गोऱ्याने मान वर करून तिच्याकडे बघितलंसुद्धा, आणि परत खाली केली.

"शिवा, हाक मार त्यांना. त्यांच्या भाषेत मार."

शिवा पायांखालच्या खडकाकडे बघत होता.

शत्रूच्या बोटींनी शिडं पाडली, धूर सोडला आणि सरळ खुंटांत शिरल्या. खुंटांवरच्या होड्यांतली माणसं हात हलवून ओरडत होती. जगन त्यांत होता. पहिल्या बोटीने एक खुंट मोडला, दुसरा मोडला आणि मग गचका खाऊन थांबली. डोलीचे दोर तिच्या मागच्या पंख्यात गुंडाळले गेले होते. दुसरी तशीच अडकली. तिसरीने वळायला बघितलं आणि आडवी होऊन चार घरांच्या डोली ओढत नेल्या. पाचही बोटी कोळ्यांच्या जाळ्यात घोळ माशासारख्या धडपडत राहिल्या.

तेव्हा आडोशाच्या बोटी निघाल्या. आरामात निघाल्या. जाऊन पाचही बोटी धरल्या. किल्ल्यावरून शिपायांनी टोप्या उडवल्या. साहेबाने डाव जिंकला होता. बोटींना बोटींनी अडवण्यापेक्षा शत्रूला जाळ्यांत घुसू द्यावं हे त्याने नकाशावर आधीच मांडून ठेवलं होतं. कोणत्या घराचे खुंट कुठे आहेत, दोर किती जाड, हे सगळं त्या नकाशावर होतं, असं शिपायांनीच मग वाड्यात सांगितलं. ते त्याला कोणी सांगितलं, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

पाणी उभं राहिलं तेव्हा होड्यांनी जे हाताला लागलं ते गोळा करून आणलं. अकरा घरांपैकी नऊ घरांच्या डोली फाटल्या, आणि खुंट तर मोजायलाच नको. सखुबाईच्या मुलांची डोल सापडलीच नाही. हंगामाचे चार महिने अजून बाकी होते.

त्यातही मंजुळेला आशा होती. साहेब टोपी काढणारा माणूस, भरून देईल. रामू पाटलांनी अर्ज केला. आठवड्याने मंजुळेला कचेरीत जबानीसाठी बोलावलं. ती धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यात फूल घालून गेली. टेबलाच्या पलीकडे तोच साहेब, बाजूला शिवा. साहेब विचारायचा, शिवा मराठीत सांगायचा, ती बोलायची, शिवा इंग्रजीत सांगायचा.

बोटी कधी दिसल्या? ती म्हणाली, खुंटांत शिरल्या त्याच्या तासभर आधी. जरा मान वर करूनच म्हणाली. शिपायाला अर्ध्या तासाने दिसल्या, त्याला विचारा.

बावटा लगेच लावला? लगेच.

तो बावटा खुंटांवरच्या माणसांना दिसतो? "दिसतो म्हणजे? आंधळ्यालासुद्धा दिसेल." साहेब हसला. शिवाही हसला.

आणखी काही सांगायचं आहे? ती म्हणाली, एवढंच, बोटी निघायला हव्या होत्या, त्या निघाल्या नाहीत, हे लिहा. शिवाने मान हलवली. कागदाखाली तिने वल्ह्याची निशाणी काढली.

पुढच्या महिन्यात उत्तर आलं. शिवा आला नाही, कचेरीचा पट्टेवाला देऊन गेला. दादरचे चिंतामणी मास्तर वाड्यात आले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मराठी तरजुमा, म्हणजे भाषांतर, शिवाच्या अक्षरात होता. त्यात लिहिलं होतं की मंजुळा कोळीण हिच्या जबानीवरून असं दिसतं, की छाप्याचा इशारा एक तास आधी मिळाला होता व तो मच्छीमारांना स्पष्ट दिसला होता; त्या अवधीत त्यांनी आपली जाळी काढून घेणं शक्य असता काढली नाहीत; सबब नुकसानीची जबाबदारी सरकारवर येत नाही.

मास्तर वाचून थांबले. कोणाला आधी कळलंच नाही. मग जगन म्हणाला, "ओढीत डोल काढायची? हा कोण शहाणा?"

मंजुळा म्हणाली, "माझं तेवढं सांगायचं राहिलं."

"तू कशाला सांगशील?" सखुबाई म्हणाली. "तिथे कोळ्याचा पोर बसला होता ना कोट घालून? त्याला काय ओहोटी ठाऊक नव्हती?"

रामू पाटलांनी शिवाला बोलावणं धाडलं. तो रविवारी आला. देवळापुढे सगळे बसले होते. मंजुळा पुढे बसली होती, समोरासमोर. तिनेच विचारलं.

"शिवा, पाण्याला ओढ असताना डोल निघत नाय, हे तुला ठाऊक हाय का नाय?"

"ठाऊक आहे."

"मग साहेबाला का नाय सांगितलंस?"

"साहेबांनी विचारलं नाही. मी दुभाष्या आहे बाय. ते बोलतील ते तुम्हाला सांगायचं, तुम्ही बोलाल ते त्यांना. मधे माझं घालायचं नसतं."

"नकाशात कोणाचं घातलंस रे मग?" मागून कोणीतरी म्हणालं. शिवा तिकडे वळला नाही.

"बोटी निघणार नाहीत हे तुला कधी कळलं?" मंजुळेने विचारलं.

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आदल्या दुपारी."

म्हणजे तो जेवायला आला तेव्हा त्याला ठाऊक होतं. जगनने डोली टाकू का म्हणून विचारलं तेव्हा ठाऊक होतं. बायकांत कोणीतरी हळूच "आई गो" म्हणाली.

शिवाच बोलू लागला, भराभर. "सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. लष्करी गोष्ट फोडली म्हणून कैदेत टाकलं असतं. तुला तरी ते आवडलं असतं का? साहेब माझ्यावर खूश आहेत. मी जगनभावजींना बंदरावर खलाशी म्हणून लावून देतो. दरमहा पगार. ह्या खुंटांपेक्षा काय वाईट?"

जगन उठून निघून गेला.

रामू पाटील म्हणाले, "पोर वाड्याचा आहे. चुकला. देवीपुढे नारळ फोडू दे आणि वाड्याने पोटात घालावं. पण त्याच्यासाठी उभी राहिली होती ती मंजुळा. नारळ तिने त्याच्या हातात द्यायचा, तशी रीत आहे."

नारळ मंजुळेच्या पुढ्यात ठेवला. ती बघत बसली नारळाकडे. सगळे वाट बघत होते, शिवाने तर हात थोडा पुढे केला होता. ती म्हणाली, "वाड्याला पोटात घालायचं असेल तर घालू दे. माझ्या पोटात जागा नाय. आणि पाटील, आमच्या दोन जागा मी वाड्याला दिल्या होत्या. कोणाला द्यायच्या त्या सांगा."

"राहू दे गो," सखुबाई म्हणाली. "तुझे डोळे खोटे नाय बोलले. तुझं काय चुकलं?"

"शब्द माझा होता."

लोकांनी खूप सांगितलं. पाटलांनी सांगितलं, एक जागा ठेव. ती ऐकेना, आणि जगननेही घरातून सांगून पाठवलं की बायको म्हणेल तसं. एक जागा सखुबाईच्या मुलांना गेली, दुसरी हरी वैतीला. जगन त्यानंतर मरेपर्यंत दुसऱ्याच्या होडीवर गेला. बंदरावरची नोकरी त्याने घेतली नाही.

पंधरा दिवसांनी सखुबाईच्या मुलांनी त्या जागेसाठी नवे खुंट आणले. दोन मोठी झाडं एकाला एक जोडून केलेला खुंट, तो किनाऱ्यावरून पाण्यापर्यंत न्यायला सगळा वाडा लागतो. बायकामाणसं दोराला धरतात आणि ओढतात. त्यात आपलं-परकं बघत नाहीत. मंजुळाही आली आणि दोराला लागली. जी जागा कालपर्यंत तिच्या घरची होती तिथे दुसऱ्याचा खुंट जात होता, आणि ती पदर खोचून ओढत होती. सखुबाई तिच्या पुढे होती, रडत होती आणि ओढत होती.

तेवढ्यात शिवा आला. कोट काढून, बाह्या वर करून तो दोराकडे आला आणि मंजुळेच्या मागे जागा होती तिथे त्याने हात घातला.

मंजुळेने मागे वळून बघितलं नाही. पण ती थांबली, तशी पुढची माणसं थांबली, आणि खुंट वाळूत रुतून राहिला.

"हात काढ," ती म्हणाली.

"बाय..."

"तू हात काढल्याशिवाय हा खुंट हलायचा नाय."

सगळा वाडा दोर धरून उभा होता. पाणी चढत होतं, वेळ जात होता, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. रामू पाटीलसुद्धा नाही. शेवटी शिवाने दोर सोडला, कोट उचलला आणि वाळूतून वर निघून गेला.

मंजुळेने पाय रोवले आणि सखुबाईला म्हणाली, "ओढ."